भात उभं असताना

गेल्या आठवड्यात महेंद्रभाऊंचा फोन आला. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. महेंद्रभाऊ म्हणजे आमच्या प्रशिक्षण केंद्राचे समन्वयक. शहाद्याकडचे, बोलणं सगळं अहिराणीत.

"ताई, खुशखबर शे! दुसरी बॅच मंजूर व्हयनी. पहिली बॅच सगळी पास, म्हनीसन साहेब खूश शेतस. आबासले सांगी दे."

मी म्हटलं, "भाऊ, आबा नाहीत आता. माघात गेले."

मग ते म्हणाले, "माले कोनी सांगंच नही वं." आणि हळूच, "मंग ताई, प्रशिक्षकनी जागावर कोननं नाव टाकू?"

त्यांची चूक नाही. फॉर्ममध्ये तो रकाना असतो आणि तो भरावाच लागतो. पण मला नाव सुचलं नाही. परत आत येऊन पुस्तक उघडलं, तरी तोच रकाना डोळ्यांपुढे. म्हणून हे लिहायला घेतलं. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि कॉलेजात लिहायचं ते उत्तरपत्रिकेत. जालमआबांचा जन्म कधीचा, त्यांनी आयुष्यभर काय काय केलं, हे मला नीट ठाऊक नाही. मी त्यांना तीन महिने आणि वर थोडे दिवस ओळखलं. तेवढंच सांगते.

जालमआबा पावरी बनवायचे. पावरी म्हणजे आमच्या कोकणी आदिवासी लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वर वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, शेवटी बैलाचं शिंग, आणि सगळे सांधे रानमधाच्या मेणाने बुजवलेले. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला लोक पावरीवर रात्ररात्र नाचतात. खांडबाऱ्याच्या आसपास वाजवणारे अजून बरेच आहेत, बनवणारे मात्र आबा एकटेच उरले होते. कोणाची पावरी फुटली की तो माणूस ती फडक्यात गुंडाळून आबांच्या दारात येऊन बसायचा.

सरकारने पारंपरिक कलांमधून रोजगार मिळावा म्हणून एक योजना काढली, तिच्यात आबांचं नाव प्रशिक्षक म्हणून गेलं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, वीस मुलं-मुली, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. सर्टिफिकेट मिळालं की सरकारी कलापथकात जागा मिळेल, स्वतःचं काम सुरू करायला कर्ज मिळेल, असं महेंद्रभाऊंनी सांगितलं होतं. आणि बॅच पास झाली तर केंद्र कायमचं होणार होतं. मी खरं सांगते, मी पावरीसाठी गेले नव्हते. सर्टिफिकेटसाठी गेले होते.

पहिल्या दिवशी आम्ही खांडबाऱ्याच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये ओळीने बसलो. आबा आले. उंच, वाकलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली चप्पल नाही. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि चक्क पाठ करून बसले.

आम्हाला वाटलं, रागावले. कांतीलाल नावाचा एक मुलगा होता, आबांच्याच गावचा. तो हळूच म्हणाला, "आबा, आम्ही इकडे आहोत."

"माहीत आहे," आबा वळले नाहीत. "समोर बसून बघशील तर उजव्याचं डावं शिकशील. मागे या. माझ्या खांद्यावरून बघा."

आम्ही वीस जण उठून त्यांच्या पाठीमागे दाटीवाटीने बसलो. तीन महिने असंच शिकलो. आबांचं तोंड मी फार पाहिलं नाही. त्यांची मान, कानामागचा चट्टा, आणि भोपळ्यावर सुरी फिरवताना खांद्याचं वर-खाली होणं, हे मात्र डोळे मिटले तरी दिसतं.

ते आमच्याशी घरच्या बोलीत बोलायचे. आमच्या बोलीत मोठ्यांनाही तूच म्हणतात, म्हणून मीही त्यांना तूच म्हणायचे. इथे मराठीत मांडताना कुठे कमीजास्त होत असेल. महेंद्रभाऊंशी मात्र आबा बाजारात शिकलेली अहिराणी बोलायचे, आणि ती बोलताना त्यांना जरा जास्तच मजा यायची.

महेंद्रभाऊंना रोज वर्गाचा फोटो वर पाठवावा लागे. आठवड्याने वरून फोटो परत आले, प्रशिक्षकाचा चेहरा दिसत नाही म्हणून. महेंद्रभाऊ मोबाइल घेऊन आबांभोवती फिरू लागले.

"आबा, तोंड इकडे करा ना! फोटोमा तुमनी पाठच येस."

"पाठ मन्हीच शे ना? साहेबले सांग, वळखी ले."

शेवटी असं ठरलं की रोज अकरा वाजता आबा दोन मिनिटं आमच्याकडे तोंड करून बसतील. त्या दोन मिनिटांत ते काहीच शिकवायचे नाहीत. हात मांडीवर, मान ताठ, जसं लग्नाच्या फोटोत बसतात तसं. फोटो झाला की "झालं सरकारचं?" असं विचारून परत वळायचे.

साहित्याचंही असंच झालं. ऑफिसने यादी मागवली होती. महेंद्रभाऊंनी लिहून पाठवलं, दुधी भोपळे, वीस नग. आणि एके दिवशी टेम्पोतून वीस हिरवेगार, ताजे, भाजीचे दुधी आले. पोचपावतीसुद्धा बरोबर. आबांनी एक दुधी उचलला, गालाला लावला, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला सुरू झाला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्हीच घाबरलो. छातीचा त्रास त्यांना तेव्हापासूनच होता. चढ आला की ते झाडं बघायच्या निमित्ताने थांबायचे.

"आज प्रत्येकाच्या घरी दुधीची भाजी," ते म्हणाले. "पावरीचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ते एक मोठं पोतं घेऊन आले. त्यात वाळलेले भोपळे होते, धुराने काळपट झालेले. पावरीचा भोपळा वेलावर पिकवून मग चुलीच्या वर आढ्याला टांगावा लागतो. दोन-तीन वर्षं धूर खाल्ल्याशिवाय तो चालत नाही. कांतीलालने मोजले, बरोबर वीस. नंतर तो मला म्हणाला, "आबांच्या आढ्याला आता एकही उरला नाही. मी बघून आलो." वर्षानुवर्षं साठवलेले सगळे भोपळे त्यांनी आम्हा नवशिक्यांना कापायला दिले. मी माझा पहिल्याच दिवशी फोडला.

मी रडकुंडीला आले. आबा मागे न बघता म्हणाले, "कोणी फोडला?"

"मी, आबा."

"कॉलेज का?" मला ते कॉलेजच म्हणायचे. "घाई असेल तर बाजारातून शिट्टी आण. चार मुलं खूश होतील."

मग थोड्या वेळाने त्यांनी तो फुटका भोपळा मागून घेतला, तडकलेल्या जागी मेण भरलं, वरून दोऱ्याचे वेढे दिले आणि खांद्यावरून माझ्याकडे परत केला. आबा कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत. काम जमलं तर म्हणायचे, "फेकू नको." तीन महिन्यांत मला ते दोनदा म्हणाले. कांतीलालला सहा वेळा, म्हणून तो आमच्यात मोठा कारागीर.

अभ्यासक्रमात इंग्रजी संभाषणही होतं. नंदुरबारहून एक सर शनिवारी यायचे. त्या तासाला आबांना सुट्टी होती, पण ते घरी जायचे नाहीत. सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसायचे. एकदा त्यांनी सरांना विचारलं, "फुंकण्याला काय म्हणता?" सर म्हणाले, "ब्लो." आबांनी मान हलवली. "हां. ब्लो अजून नाही. ब्लो दिवाळीनंतर."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते गमतीने बोलले नव्हते.

इथे मला ती गोष्ट सांगायला हवी. आबांच्या गावात भात पेरलं की पावरी बंद होते. तिच्या तोंडात चिंधी कोंबून ती आढ्याला टांगतात. भात कापून घरी येईपर्यंत, नवं धान्य देवाला दाखवेपर्यंत, तिला फुंकायचं नाही. बनवलेली चालते, सांधे बुजवलेले चालतात, फक्त फुंकायचं नाही. आमचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. भात उभं असताना पावरी वाजवायची नाही हे मला ऐकून माहीत होतं, पाळून माहीत नव्हतं.

प्रशिक्षण खरं तर दिवाळीनंतर व्हायचं होतं. पण मंजुरी यायला उशीर झाला आणि ती आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. निधी त्याच तिमाहीत वापरायचा होता. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बनवायला शिकवतो. वाजवायचं भात आल्यावर." महेंद्रभाऊ म्हणाले होते, हो, आबा म्हणतील तसं. आबांना वाटलं, ठरलं. महेंद्रभाऊंना वाटलं, वेळ आल्यावर बघू. दोघंही खोटं बोलले नव्हते.

परीक्षा भाद्रपदात आली. भात पोटरीत होतं, कणसं अजून बाहेर यायची होती. समाजमंदिराच्या तिन्ही बाजूंना शेतं, खिडकीतून हात काढला तर पातीला लागेल इतकं जवळ. परीक्षक मॅडम बाहेरून आल्या होत्या, हातात टॅब. स्वभावाने चांगल्या होत्या. आमच्या वीस पावऱ्या ओळीने मांडल्या होत्या, त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिली, सांधे तपासले, प्रश्न विचारले. माझ्या ठिगळाच्या पावरीवरही त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छान. आता कोणीतरी वाजवून दाखवा. व्हिडिओ घ्यायचा आहे."

कोणी हललं नाही.

महेंद्रभाऊंनी समजावून सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, मग टॅब आमच्याकडे वळवला. "हे बघा, ‘वस्तू चालू स्थितीत आहे’ याचा व्हिडिओ टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. माझ्या हातात असतं तर मी खूण केली असती. प्रशिक्षकांनी वाजवलं तरी चालेल. एकच पावरी, अर्धा मिनिट."

"नाहीतर?" कांतीलालने विचारलं.

"बॅच नापास दाखवावी लागेल. मग केंद्राचंही..."

महेंद्रभाऊंनी कांतीलालकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याच्या बापाचं भात आबांच्या शेताला लागूनच होतं. मग महेंद्रभाऊ आबांकडे गेले.

"आबा, एकच फुंक मारा ना. खिडक्या लाई घेतस. कोन ऐकी ऱ्हायनं अठे?"

"कोनी ऐकस म्हनीसन नही, भाऊ," आबा म्हणाले, आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मला कोणी पाठवलं नव्हतं. मी आपणहून गेले. आबा शेताकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदाच मी त्यांच्या मागे नाही. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. कांतीलालने शहाद्याच्या मोबाइल दुकानातलं काम सोडलंय हे सांगितलं. माझ्या फीचं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "आबा, हे केंद्र बंद पडलं तर तुझ्यानंतर हे कोण शिकवेल?"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. ते खरं होतं, म्हणूनच नको होतं.

आबांनी विचारलं, "तुमच्यात हे असतं का? भाताचं?"

"नाही आबा. आमच्यात असं काही नाही."

"तरीच," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "तू विचारू शकलीस. कांत्याला नसतं जमलं विचारायला."

मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या नाहीत, उलट महेंद्रभाऊ लावत होते तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ओळीतून कांतीलालची पावरी उचलली, तोंडातली चिंधी काढून खिशात ठेवली, शेताकडे एकदा पाहिलं. आणि फुंकलं.

मी पावरी लहानपणापासून लांबून ऐकलेली, डोंगराच्या अंगाने येणारी. इतक्या जवळून कधीच नाही. गाल फुगवून, श्वास मध्ये कुठेच न तोडता ते वाजवत राहिले. थांबले तेव्हा त्यांना धाप लागली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मॅडम टॅबकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "सॉरी हं," त्या म्हणाल्या, "व्हिडिओ सेव्ह झाला नाही. रेंज गेली. आबा, परत एकदा, प्लीज?"

महेंद्रभाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. मीही खाली बघितलं. कोणीतरी नाही म्हणेल असं वाटत होतं. आम्ही वीस जण होतो.

आबांनी परत वाजवली.

आम्ही सगळे पास झालो. त्या संध्याकाळी आबा घरी न जाता सरळ गावातल्या जाणत्या माणसांकडे गेले. हे मला नंतर कांतीलालने सांगितलं. गावात कुणी ऐकलं नव्हतं, कुणी विचारायला येणार नव्हतं. आबांनी स्वतःच सांगितलं. जाणते म्हणाले, सरकारी कामात झालं, मुलांसाठी झालं, एक नारळ दे आणि विसर. आबा म्हणाले, "एकदा वाजवली असती तर नारळ दिला असता. मी दोनदा वाजवली." मग त्यांनीच आपली शिक्षा सांगितली. गावाला बोकडाचं जेवण, आणि या वर्षी डोंगऱ्या देवाला पावरीला हात लावणार नाही. लोकांनी खूप समजावलं. एका म्हाताऱ्याने तर रागाने म्हटलं, "अरे, तुझ्यासारखा वाजवणारा गावात कोण, नाचायचं कोणाच्या पावरीवर? शिक्षा तुला आहे की आम्हाला?" आबा ऐकले नाहीत.

ते दोनदा वाजवणं त्यांचं शेवटचं ठरलं. गेल्या आठवड्यातल्या त्या फोननंतर मी महेंद्रभाऊंना विचारून पाहिलं, तो व्हिडिओ मिळेल का म्हणून. त्यांनी खटपट केली. वर अपलोड झाला की टॅबमधून पुसला जातो, आणि वरचा आपल्याला उघडत नाही, असं कळलं. म्हणजे कुठेतरी तो आहे. कोणी बघत नाही, पण आहे.

मी आबांना शेवटचं पाहिलं ते मार्गशीर्षात, खांडबाऱ्याच्या स्टेशनवर. मी सकाळच्या गाडीने नवापूरला कॉलेजात निघाले होते. आबा बाकावर बसले होते, तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. मुलीकडे व्याऱ्याला निघालो म्हणाले. तिकडे छातीचा चांगला डॉक्टर आहे. त्यांच्या गावात डोंगऱ्या देवाचे दिवस सुरू झाले होते. तेवढे दिवस तरी थांबायचं, असं मला वाटून गेलं.

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. ते कांतीलालची चौकशी करत होते. त्याला कलापथकातून बोलावणं आलं का, विचारलं. अजून नाही, म्हटलं. मग म्हणाले, "तो कागद आला का तुमचा?"

सर्टिफिकेट येऊन दोन आठवडे झाले होते. माझ्या दप्तरातच होतं, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. त्यांना दाखवायला जावं असं रोज वाटायचं आणि रोज मी टाळायचे. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. आबांना वाचता येत नव्हतं. शर्टाला हात पुसून त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला.

"वाच."

मी वाचून दाखवलं. माझं नाव. बापाचं नाव. पारंपरिक वाद्यनिर्मिती. श्रेणी ब. इंग्रजीतलंही सगळं त्यांना आमच्या बोलीत सांगितलं. बाजूच्या सीटवरची एक बाई कौतुकाने ऐकत होती.

"आणि माझं?" आबा म्हणाले. "शिकवणाऱ्याचं नाव कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. योजनेचं नाव होतं, खात्याचं होतं, खाली अधिकाऱ्याची सही आणि त्याखाली त्याचं नाव बारीक इंग्रजीत छापलेलं होतं.

मी त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "हे. इथे खाली."

आबा वाकले. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं आणि त्या जागेकडे बघत राहिले. कोळदा गेलं, चिंचपाडा गेलं. शेजारची बाई म्हणाली, "बाबा, तुमचं नाव आहे का त्यात? वा!" आबा तिला म्हणाले, "हां. सरकारने टाकलंय."

नवापूर आलं. मी उतरले आणि प्लॅटफॉर्मवरून त्यांच्या खिडकीशी गेले. कागद अजून त्यांच्याकडेच होता. त्यांनी तो फाइलमध्ये घालून, फाइल आडवी करून, गजांमधून जपून माझ्याकडे दिला.

"भिंतीला लावशील ना?"

"लावीन, आबा."

"फ्रेम करशील तेव्हा बघ," ते म्हणाले, आणि धाप लागली म्हणून मध्ये थांबले. "खालची ओळ झाकली जाऊ देऊ नको."

मी हो म्हणाले. गाडी सुटली. आबांनी हात केला नाही, ते माझ्या हातातल्या फाइलकडेच बघत होते, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.